चित्र बघितल्याने लाज जात नाही, अज्ञान जातं

आपल्या मराठीत करंगळीला नाव आहे, घोट्याला आहे, मानेवरच्या खळग्यालाही आहे. पण बाईच्या शरीरातल्या काही भागांना चारचौघीत बोलता येईल असं नावच नाही. 'खाली आग होते', 'तिकडं दुखतंय', 'अंगावरून जातंय', असं आडवळणाने आपण दवाखान्यात सांगतो आणि बाकीचा अंदाज डॉक्टरीणबाईंनी बांधायचा. जिथे शब्द तोंडातून निघत नाही तिथे एक चित्र फार कामाला येतं. पण चित्राचं नाव काढलं की 'शी बाई!' आधी.

माझी वहिनी दौंड तालुक्यातल्या एका गावात आशाताई आहे. किशोरवयीन मुलींना पाळीची माहिती द्यायची म्हणून तिने मोबाईलवर चित्र शोधलं. आधी जे आलं ते बघून तिने मोबाईल पालथाच घातला. थोडं खाली एक साधं, रेघांनी काढलेलं, भागाभागाला नाव दिलेलं चित्र मिळालं. ते फुकट होतं आणि छापायलाही परवानगी होती. तिच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "असली चित्रं जगाला उघडी ठेवायचीच कशाला? पोरांच्या हातात मोबाईल असतो." वहिनीने मला शिरूरला फोन लावला, "वन्सं, तुम्हीच सांगा आता."

सासूबाईंचा प्रश्न खोटा नाही. ते चित्र होतं विकिमीडिया कॉमन्स नावाच्या चित्रसंग्रहातलं. २००४ साली सुरू झालेल्या या संग्रहात कुणीही चित्र ठेवू शकतं आणि कुणीही ते फुकट घेऊन छापू शकतं. विकिपीडियावरची बरीचशी चित्रं तिथलीच. नियम असा, की चित्र काहीतरी शिकवणारं हवं. पण शिकवणारं कुठलं आणि नुसतं उघडं कुठलं, यावर तिथेही भांडणं झाली. मे २०१० मध्ये विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच काही चित्रं काढून टाकली. त्यात जुन्या चित्रकारांची चित्रंही गेली. काम करणारे स्वयंसेवक चिडले, बरीच चित्रं परत आली आणि वेल्स यांनी आपले खास अधिकार सोडून दिले. एकट्याने सरसकट कात्री लावली की गव्हाबरोबर किडेच नाही, गहूसुद्धा जातो, हे तिथे दिसलं.

आपल्या महाराष्ट्राला हे भांडण नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे १९६९ साली कायदा बदलला आणि विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञानासाठी असलेलं, लोकहिताचं साहित्य अश्लील धरायचं नाही, अशी सवलत आली. ती आजही आहे. तरी २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या साहित्यातल्या चित्रांवरून आपल्या विधानसभेत गदारोळ झाला आणि तो कार्यक्रमच थांबवला गेला. चित्र सुधारून घेता आलं असतं. आपण पुस्तकच मिटलं.

मिटलेल्या पुस्तकाची किंमत कोण मोजतं, ते आपल्या फडात बघा. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाड्याचा दंड, गरिबी, कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर, अशी कारणं बरीच होती. चित्राने मजुरी भरून येत नाही, हे मला कळतं. पण पिशवी कुठं असते, तिच्या शेजारचं अंडाशय काय करतं, ते काढलं तर हाडांचं काय होतं, हे जिने कधी चित्रात बघितलंच नाही, ती डॉक्टरला प्रश्न काय विचारणार?

म्हणून माझं मत, अशी चित्रं मोफत संग्रहात असलीच पाहिजेत. मात्र रेघांचं चित्र वेगळं आणि जिवंत बाईचा फोटो वेगळा. संग्रहाला एकदा फुकट वापराची परवानगी दिली की ती मागे घेता येत नाही. फोटो कुठून कुठे जाईल, कुणी सांगावं? तपासणीच्या टेबलावर कुणी फोटो काढला आणि त्या बाईला विचारलंच नाही, तर तो कितीही शिकवणारा असो, संग्रहात नको.

'ग्रेज अॅनाटॉमी' हे डॉक्टरीचं गाजलेलं पुस्तक १८५८ साली लंडनला निघालं. त्यातली चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच साली मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. त्या पुस्तकाची जुनी चित्रं आज या संग्रहात फुकट मिळतात. पण त्या काळी चिरफाडीला देह येत ते बहुतेक बेवारस गरिबांचे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज आपल्याला विचारता येतं, मग विचारलंच पाहिजे.

आणि पोरांचं? नुसतं 'स्त्री' शोधलं तर समोर उघडं चित्र येऊ नये, नेमकं नाव घालून शोधणाऱ्याला मात्र मिळावं, एवढी मांडणी तर करता येते. घाणेरडं बघायला पोरांना या संग्रहाची गरज नाही, ते त्यांच्या मोबाईलवर आधीच आहे. नीट बघायला मात्र दुसरी जागा नाही. वहिनीला मी हेच सांगितलं, आणि सासूबाईंनाही चित्र दाखव म्हटलं.

मैत्रिणींनो, उद्या कुणी डॉक्टर म्हणाले, 'पिशवी काढावी लागेल', तर सही करण्याआधी कागद पुढे करा आणि म्हणा, "काय काढणार, काय ठेवणार, ते मला चित्र काढून दाखवा." देह आपला आहे. त्याचा नकाशा मागायला लाज कसली?