सात गुणांचा हेवा

दहावीचा निकाल लागला की भंडारा-तुमसरच्या पालकांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. चित्रकलेचे सात, खेळाचे पंधरा असे गुण घेऊन कुणीतरी पुढे जातं, मग नुसता अभ्यास करणाऱ्या पोरानं कुणाचं घोडं मारलं? २०२५ च्या निकालात राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागाचे. अशा शंभरातही वाढीव गुण धरलेले असू शकतात, हे कळलं की हे गुण बंदच करा, असा सूर लागतो. त्यातच २०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाल्यानं भंडाऱ्यातही गुणवत्ता यादीतला दशांश मोलाचा झाला आहे.

पहिला आक्षेप : हे गुण फुकटचे आहेत. असं म्हणणाऱ्यानं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला एकदा डोकावून यावं. समोर मडकं, फळं, मागे चुण्या पडलेला कपडा. काही तासांत ती मांडणी सावल्यांसह कागदावर रंगांत उतरवायची. त्याखेरीज स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्याआधी एलिमेंटरी पार पाडलेली असते. एवढं करून 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३ गुण मिळतात. पाचशेत सात म्हणजे १.४ टक्के! खेळाची कमाल मर्यादा २५, म्हणजे पाच टक्के; आणि तो आकडा गल्लीतल्या सामन्यावर हाती येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : प्रमाणपत्रं विकत मिळतात. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलंच. अमेरिकेत तर २०१९ मध्ये धनिकांच्या मुलांना न खेळलेल्या खेळांचे खेळाडू दाखवून नामांकित विद्यापीठांत घुसवल्याचं उघड झालं. पण खोटी नोट सापडली म्हणून चलन कुणी बंद करत नाही. पडताळणी कडक करावी, दोषींवर गुन्हे दाखल करावेत. आपल्याकडे निदान कोणत्या स्तराला किती गुण, हे नियमानं ठरलेलं आहे. हार्वर्डनं १९२० च्या दशकात प्रवेशासाठी 'चारित्र्य' तपासायला घेतलं, ते ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी. मुलाखतकाराच्या मर्जीवर चालणारी ती पद्धत इथे कुणी मागत नाही.

तिसरा आक्षेप : नीट आणि सीईटीत कला-खेळाचा उपयोग काय? गुणांपुरतं म्हणाल तर काहीच नाही. पण दारं अगदीच बंद नाहीत. मद्रास आयआयटीनं २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलावंतांसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन-दोन जादा जागा ठेवल्या. जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता यादी तिथे कुणाला चुकलेली नाही, म्हणजे अभ्यासाला बगल मिळालेली नाही.

खरा अन्याय वेगळाच आहे, आणि तो भंडाऱ्यात नीट दिसतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. दंडार, खडीगंमत आणि नाटकं रात्र-रात्र रंगतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लोककलेलाही दहावीला वाढीव गुण आहेत, पण मान्यताप्राप्त संस्थेचा कागद हवा. घरच्या दंडारीत ढोलकी वाजवत वाढलेल्या लाखांदूरच्या पोराला तो कागद कोण देणार? शहरातल्या क्लासचं शुल्क भरणारं मूल मात्र सहज पुढे सरकतं.

म्हणून गुण काढून घेण्यापेक्षा ते मिळवण्याची वाट जवळ आणली पाहिजे. शाळांतली कला आणि क्रीडा शिक्षकांची पदं भरावीत. लोककलेचे परीक्षक साकोली, पवनी, लाखांदूरच्या मंडईत पाठवून त्यांनी प्रयोग पाहून तिथल्या तिथे श्रेणी द्यावी. प्रमाणपत्रांची नोंद शाळेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर उघड ठेवावी, म्हणजे ज्या पालकाला शंका असेल त्याला ती त्याच दिवशी तपासता येईल.