गाणं त्यांना निवडू द्या!

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आम्ही मुलींचा अभ्यासवर्ग घेतो. गणेशोत्सवात त्यांना ब्रेकडान्स बसवायचा होता. ‘ताई, गाणं तुम्हीच निवडा,’ म्हणाल्या. मी छान शब्दांचं, माझ्या आवडीचं गाणं दिलं. नववीतली एक मुलगी हसली. ‘ताई, यात गाणारी थांबतच नाही. आम्ही नाचायचं कधी?’

तिचं खरं होतं. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं, की गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो तेव्हाच पोरं खरी रंगात येतात. तो तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावून त्यानं तो लांबवला. म्हणून मैत्रिणींनो, या नाचासाठी गाण्याचे शब्द बघू नका. ठेका ठळक आहे का, मध्ये नुसत्या तालाला जागा आहे का, ते ऐका.

आणि एकच गाणं घोटून घेऊ नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये संगीत डीजे लावत होता. कोणतं लागणार हे स्पर्धकांना ठाऊक नसायचं!

आमच्याकडेही तेच झालं. ‘मुलींना असला धांगडधिंगा कशाला?’ म्हणत मंडळातल्या एका काकांनी ऐनवेळी भलतंच गाणं लावलं. पोरी क्षणभर थबकल्या, मग ठेका पकडून नाचल्या. टाळ्या पडल्या, पण स्वतः निवडलेलं गाणं राहिलंच, ही रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मुलींचे कपडे, कॉलेज, स्थळं सगळं आपणच ठरवतो. निदान नाचाचं गाणं तरी त्यांना निवडू द्या ना!