टीव्हीवरचं एक आवडतं, एक नावडतं



दिवसभर राबून आपण रात्री टीव्हीपुढे बसतो. त्या वेळेचं चीज होतं का, हे कधीतरी ताडून पाहावं. मी माझा २०१७ सालचा हिशेब मांडतो.

त्या वर्षी मला सर्वांत आवडला तो पाणी फाउंडेशनचा 'तुफान आलंया'. ३० तालुक्यांतल्या गावांची ४५ दिवसांची श्रमदानाची स्पर्धा त्यात दिसे. समतल चर कसा आखावा, हे आम्ही गावोगावच्या सभांत वर्षानुवर्षं सांगत आलो; पण आपल्यासारखीच एखादी माउली कुदळ मारताना दिसली, की ते लगेच पटे. पहिला नंबर आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं पटकावला.

नावडल्या त्या बातम्यांतल्या चर्चा. १ जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. रस्त्यावर ओतलेलं दूध पुन्हा पुन्हा दाखवत आणि चौघे एकमेकांवर ओरडत. लिटरमागं खर्च किती, भाव किती, हे मी पाहिलेल्या एकाही चर्चेत कुणी विचारलं नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "धार काढणाऱ्या बाईला का नाही बोलावत?"

तेव्हा कार्यक्रम संपला की टीव्ही बंद करा आणि घरात विचारा : यातलं आपल्या शेताला, संसाराला काय उपयोगी पडेल? उत्तर मिळालं, तर वेळ सत्कारणी लागला. नाही मिळालं, तर उद्या त्या वेळी खुशाल झोपा. पहाटेची पाण्याची पाळी तरी चुकायची नाही!