सालगड्याचे साल आणि प्राध्यापकाची तासिका

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील अवर्षणप्रवण तालुका. या भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. वर्षाची रक्कम, धान्य, कपडालत्ता यांची बोली होते आणि एकदा बोली झाली म्हणजे पुढील पाडव्यापर्यंत ती बांधील मानली जाते. पाऊस लांबला, रानात काम उरले नाही, म्हणून सालाची रक्कम उतरत नाही. सालगड्याचे जिणे सुखाचे आहे, असा याचा अर्थ कोणी करू नये. परंतु त्याच शेतकऱ्याच्या आणि त्याच सालगड्याच्या मुलांना तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र, मराठी किंवा रसायनशास्त्र शिकविणाऱ्या 'तासिका तत्त्वा'वरील अध्यापकाला एवढीही हमी नाही, ही वस्तुस्थिती उच्च शिक्षणाविषयी मोठमोठी स्वप्ने रंगविणाऱ्या राज्याला शोभणारी नाही.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे महाविद्यालयाबाहेरच्या वाचकास सांगणे अवश्य आहे. मंजूर पद रिक्त असले, अथवा एखाद्या विषयाचा कार्यभार पूर्ण पदाइतका नसला, म्हणजे जाहिरात, मुलाखत आणि विद्यापीठाची मान्यता हे सोपस्कार पार पाडून तात्पुरता अध्यापक नेमला जातो. पात्रता नियमित सहायक प्राध्यापकाचीच लागते : पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, अनेकांच्या बाबतीत पीएच.डी.सुद्धा. मोबदला मात्र प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचा. दिवाळीची सुट्टी आली, तासिका नाही. परीक्षा सुरू झाल्या, तासिका नाही. प्रवेश लांबले, तासिका नाही. उन्हाळ्यात नेमणूकच संपुष्टात येते आणि पावसाळ्याबरोबर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. दहा-दहा वर्षे शिकविलेला अध्यापकही दरवर्षी नवखा उमेदवार म्हणूनच उभा राहतो.

या व्यवस्थेचे अर्थकारण एकदा आकड्यांत मांडून पाहावे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,९२,४०० रुपये ठरले. त्याने आठवड्याला १६ तास याप्रमाणे वर्षात ३० आठवडे अध्यापन करावे, अशी अपेक्षा. म्हणजे ४८० तास. भागाकार केला तर तासाला सुमारे १,४४० रुपये येतात. महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनाची तरतूद यांत धरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास कमाल ५०,००० रुपये असा दर सुचविला, तो मूळ वेतनाच्या या हिशेबाशी जवळजवळ जुळतो. महाराष्ट्रात मात्र नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने पदवी वर्गाच्या तासिकेस ५०० रुपये दर ठरविला गेला. पुढे त्यात टप्प्याटप्प्याने वाढ झाली. ही वाढ जमेस धरून तासिकेचे ९०० रुपये आणि आठवड्याच्या नऊ तासिका असा हिशेब केला, एकही तासिका बुडाली नाही असेही मानले, तरी वर्षाचे २,४३,००० रुपये होतात. बारा महिन्यांवर पसरले तर महिना वीस हजारांच्या आसपास. पूर्णवेळ अध्यापकाच्या निम्म्याहून अधिक अध्यापन करणाऱ्यास त्याच्या नुसत्या मूळ वेतनाच्या सुमारे पस्तीस टक्के मिळतात, असा याचा अर्थ.

नियमित प्राध्यापक केवळ व्याख्याने देत नाही, संशोधन व प्रशासकीय कामही करतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तासिकेवरचा अध्यापक तरी केवळ व्याख्यान देऊन घरी जातो काय? तासिकेची तयारी, उत्तरपत्रिका, अंतर्गत मूल्यमापन, मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वीची कागदपत्रे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांत तोही जुंपलेला असतोच. पुढील वर्षीची नेमणूक ज्यांच्या हाती, त्यांना नकार देण्याची सोय त्याला नसते. तासाचा दर कमी आहे ही तक्रार खरी. पण व्यवस्था फक्त तास विकत घेते आणि तासाभोवतीचे सारे श्रम फुकट पदरात पाडून घेते, ही तक्रार अधिक मूलगामी आहे.

हे अरिष्ट एका दिवसात ओढवले नाही. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी महाविद्यालये उभी राहिली. पहिल्या पिढीतील पदवीधर त्यांनीच घडविले. त्या पिढीतील प्राध्यापक एकामागून एक निवृत्त होत गेले. त्यांच्या जागा मात्र तशाच राहिल्या. २०१७ च्या भरतीबंदीनंतर २०१८ साली शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास संमती दिली. त्यांपैकी १,४९२ भरली गेली, मग करोनाच्या साथीत भरती थांबली आणि उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा संमती द्यावी लागली. बंदी, अंशतः संमती, पुन्हा बंदी हा खेळ चालू असताना वर्ग रिकामे ठेवता येत नाहीत. ते तासिकेवरच्या अध्यापकांनी सांभाळले. तात्पुरत्या सोयीचे रूपांतर कायमच्या व्यवस्थेत झाले ते असे. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत करारावरच्या नेमणुका अपरिहार्य असतील तरच कराव्यात, त्या एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे, असे स्पष्ट म्हटले होते. तासिकेवरची नेमणूक तांत्रिक अर्थाने करारावरची नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु त्यामुळे नियमाचा हेतू विफल झाला, हे लपत नाही.

शासनाची जी बचत यातून होते, ती कोणाच्या खिशातून होते, हे पाहिले पाहिजे. प्रवेश कमी होण्याची, सत्र लांबण्याची, अभ्यासक्रम बदलण्याची सारी जोखीम अध्यापकाच्या डोक्यावर ढकलली गेली आहे. जून २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विषयांच्या फेररचनेत आपल्या तासिका उरतील की नाही, ही पहिली धास्ती याच वर्गाला वाटली. बचतीचा दुसरा हप्ता विद्यार्थी भरतो. मिरजेचा वा सांगलीचा विद्यार्थी शिकवणी लावील, ग्रंथालय शोधील. ढालगाव किंवा नागजहून एस.टी.ने येणाऱ्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलीला वर्गातील अध्यापक हाच आधार. तो सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तासिका घेण्यासाठी धावत असेल, तर तिने शंका विचारावी कोणाला?

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. तात्पुरत्या कर्मचाऱ्यास कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी प्रकरणात सांगितले, आणि मागच्या दाराने होणाऱ्या नेमणुका रोखण्यासाठी ते आवश्यकही होते. परंतु त्याच न्यायालयाने २०१६ साली जगजित सिंग प्रकरणात, काम समान असेल तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यासही वेतनश्रेणीतील किमान वेतन दिले पाहिजे, असा निर्णय दिला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील करारावरील सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत हेच तत्त्व लागू केले. कायमपणा हा एक प्रश्न आणि योग्य वेतन हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अवघड आहे म्हणून दुसऱ्याचे टाळता येत नाही.

येथे प्राध्यापकांच्या संघटनांकडे वळावे लागते. शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ, म्हणजे 'सुटा', आणि राज्यातील प्राध्यापक महासंघ यांच्यामागे लढ्याची मोठी परंपरा आहे. १९८७ साली वेतनश्रेणींसाठी देशभर झालेल्या संपाने महाविद्यालयीन शिक्षकाला प्रतिष्ठेचे वेतन मिळवून दिले. २०१३ साली महासंघाने परीक्षांच्या कामावर टाकलेला बहिष्कार सुमारे तीन महिने चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता. रिक्त पदे भरा, ही मागणी संघटनांच्या निवेदनांत असते, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो यादीतील क्रमाचा. थकबाकीसाठी परीक्षा अडविणारी शक्ती तासिकेवरच्या सहकाऱ्यांसाठी तेवढ्याच निर्धाराने उभी राहणार काय? त्या अध्यापकाला स्वतः उभे राहणे कठीण आहे. ज्याची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने होते, तो मोर्चाच्या अग्रभागी आपले छायाचित्र येऊ देत नाही. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर नेट-सेटधारकांनी वेळोवेळी धरली ती धरणी म्हणूनच मोलाची. पण तेथे बसणाऱ्यामागे नियमित प्राध्यापकांचे बळ दिसले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या विद्यापीठात अध्यापनाचा बहुतांश भार अर्धवेळ शिक्षकांवर आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या संघटनेने पुकारलेला संप तीन आठवड्यांहून अधिक चालला, आणि डिसेंबरात झालेल्या करारात वर्गाबाहेरच्या कामाचाही मोबदला मान्य करून घेण्यात आला. तेथील परिस्थिती वेगळी आहे, साधने वेगळी आहेत. परंतु वर्गाबाहेरचे श्रमही श्रमच असतात, हे तत्त्व न्यूयॉर्कला लागू पडते आणि कवठे महांकाळला पडत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तेव्हा मागण्या माफक आणि नेमक्या असाव्यात. नेमणूक किमान पूर्ण शैक्षणिक वर्षाची असावी. मोबदला तासिकांवर न मोजता कार्यभाराच्या प्रमाणात किमान मासिक वेतन म्हणून, दरमहा ठरल्या तारखेस मिळावा. प्रसूती रजा व अनुभवाचे प्रमाणपत्र हे हक्क मानले जावेत. निवृत्तीने रिकामे होणारे पद भरण्याचे वेळापत्रक शासनाने दरवर्षी प्रसिद्ध करावे, आणि निवडीत वशिला व देवघेव यांना वाव राहू नये. संघटनांनी आपल्या कार्यकारिणीत तासिकेवरच्या अध्यापकांना मतासह जागा द्यावी. नेमणुकीचा सूड घेतला गेल्यास कायदेशीर मदतीची हमी द्यावी. तिजोरीवर भार पडेल, हे शासनाचे म्हणणे खोटे नाही. पण तो भार आजही कोणीतरी वाहतोच आहे; फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

नियमित प्राध्यापकाने एक गोष्ट विसरू नये. त्याच्या निवृत्तीनंतर त्याच्या पदावर कोण येणार, हे ठरविणारी लढाई आज त्याच्याच शिक्षककक्षातील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला तरुण सहकारी एकट्याने लढतो आहे. तो हरला तर त्याच्याबरोबर ते पदही जाईल. सालगड्याशी झालेली बोली मोडणाऱ्या मालकाला गाव नावे ठेवते. विद्येचे काम करून घेऊन बोलीच टाळणाऱ्या व्यवस्थेला निदान तेवढी तरी लाज वाटावी.