मामांचे ताट

दिवाळी अंकात पथ्यावर लिहिणे म्हणजे लग्नघरात जाऊन मृत्युपत्राची चौकशी करण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण ह्या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की, माझा धंदा मराठी शिकविण्याचा आणि हौस दुसऱ्यांना उपदेश करण्याची. त्या हौसेने गेल्या वर्षी एक अनर्थ होता होता टळला. त्याचे प्रायश्चित्त आज चारचौघांत घेतो.

माझे मामा चिखल्याला राहतात. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात हे गाव. गाव मँगेनीजच्या खाणीचे, पण भोवतालचा मुलूख भाताचा. मामांची सारी नोकरी खाणीच्या कचेरीत हजेरीपट लिहिण्यात गेली. शेकडो मजुरांची नावे त्यांना बापाच्या नावासकट पाठ असत. अशा माणसाला भाच्यांची नावे आठवेनाशी झाली. शेजारी म्हणू लागले, "मँगेनीजची धूळ डोक्यात चढली."

हा तर्क अगदीच हवेतला नव्हे. मँगेनीज दळणाऱ्या कामगारांचा मेंदूचा विकार ग्लासगोच्या जॉन कूपरने १८३७ सालीच नोंदून ठेवला आहे. पण त्या विकारात मुख्यतः चाल अडखळते, अंग ताठरते. मामा धुळीत नव्हे, कागदांत वाढलेले, आणि चाल अजून ताठ मानेची. घरच्यांनी मग सोपे निदान केले: वय झाले. मामांना अठरा वर्षे मधुमेह आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्याचा स्मरणशक्तीशी संबंध कोणी जोडला नाही.

मी मात्र थोडेफार वाचले होते. मधुमेही माणसाला स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, असे हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत १९९९ साली आढळले, एवढे वाचून माझ्या अंगात वैद्य संचारला. गेल्या दिवाळीत मी सुवाच्य अक्षरात यादी लिहिली: साखर बंद, गूळ बंद, बटाटा बंद, केळे बंद, भात बंद. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली.

मामी म्हणाली, "भातच नाही त मंग जेवन कायचं, बापू?"

मी तिला पाच मिनिटे व्याख्यान दिले. माझे विद्यार्थी अशा वेळी खिडकीबाहेर पाहतात. मामी बिचारी ऐकत राहिली, आणि तिने ऐकलेले पाळलेही!

साठ-सत्तर वर्षे भात जेवलेला माणूस. पोळीचे दोन घास चिवडी आणि ताट सरकवी. कधी "आत्ताच जेवलो" म्हणून उठून जाई. मधुमेहाच्या गोळ्या मात्र मामी घड्याळ लावून देई. पहाटे मामांना दरदरून घाम फुटे, हात कापत, काहीबाही बरळत. आम्ही म्हणत होतो, आजार वाढला.

माघात मी गेलो होतो. रात्री मामांनी मला विचारले, "तू कोनाचा पोरगा, बाप्पा?" पहाटे ते उठेचनात. डॉक्टरांना बोलावले. रक्तातली साखर निघाली ४६. सत्तरच्या खाली गेली की धोक्याची घंटा. शिरेतून ग्लुकोज दिले. थोड्या वेळाने मामांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या नावाने हाक मारून म्हणाले, "केव्हा आलास?"

आनंदाने माझे डोळे भरून आले. डॉक्टर भिंतीकडे पाहत होते. "ही यादी कोणी लिहिली?" मामीने उत्तर दिले नाही. तिच्या त्या न बोलण्याने मी जमिनीत गेलो.

डॉक्टरांनी मग समजावले ते असे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण एकूण इंधनापैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो. आणि ते इंधन मुख्यतः साखरेचे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, हे खरे. पण ती एकाएकी फार खाली गेली तरी मेंदू उपाशी पडतो. साखर वारंवार गंभीरपणे उतरलेल्या वृद्ध मधुमेहींत स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, असे कॅलिफोर्नियातल्या पाहणीतून २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणून विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसाची साखर तरुणासारखी आवळून धरीत नाहीत.

दुसरी तपासणी ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची. तेही फार कमी निघाले. मामा माळकरी, दूध चहापुरते, आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिनची गोळी. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस ह्यांतूनच मिळते. आणि ती गोळी, उपयुक्त असली तरी, त्याचे शोषण कमी करते. हा काही चिखल्याचाच प्रश्न नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या पथकाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यांत ६७ टक्क्यांचे ब-१२ कमी निघाले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते! म्हणजे आपणच, वाचकहो. ह्या उणिवेने मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो. आणि वेळीच कळले तर ती भरून काढता येते.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, इंजेक्शने दिली. यादी मी स्वतः फाडली. आता मामांच्या ताटात आधी पालेभाजी आणि घट्ट वरण, मग मूठभर उकड्या तांदळाचा भात, वर वाटीभर दही. थोडे थोडे, पण ठरल्या वेळी. गोळी द्यायची ती ताट समोर आल्यावर. घाम फुटला, हात कापू लागले, की आधी सुईच्या यंत्रावर साखर पाहायची. कमी असेल आणि मामा शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, डॉक्टरांना गाठायचे. हे नियम मामीने तोंडपाठ केले आहेत. ह्या खेपेला व्याख्यान डॉक्टरांनी दिले होते.

मामा बरे झाले, असे लिहून दिवाळी गोड करण्याचा मोह होतो. पण तसे झाले नाही. पहाटेचे बरळणे थांबले, मुंग्या कमी झाल्या. विसर पडतो तो पडतोच. तो आजार खरा आहे, आणि हळूहळू पुढे जाईल. फक्त त्यात आमच्या शहाणपणाची जी भर पडली होती, तेवढी निघून गेली. ती भर किती मोठी होती, हे आठवले की आजही झोप उडते.

तेव्हा घरातले वडील माणूस एकाएकी घोटाळू लागले, तर "वय झाले" म्हणण्यापूर्वी रक्त तपासून घ्या, गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करा, आणि आज त्यांच्या पोटात नेमके काय गेले ते पाहा.

परवा चिखल्याला गेलो होतो. मामी अनारसे तळत होती. मामांनी तिसऱ्यांदा विचारले, "माझं जेवन झालं का?" झाले होते. पण मामीने तसे म्हटले नाही. अर्धा अनारसा त्यांच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "हे घ्या, मी बसते तुमच्यापाशी."