काळी माती अक्षय नव्हे

"काळीला काय तोटा? थोडी वाहून गेली तर काय बिघडलें?" असें आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतात. हा समज घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विहीर खणणारास विचारावें. काळीखालीं मुरूम लागतो, मुरुमाखालीं खडक. हा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा असून तो झिजून आपली माती झाली आहे. नदीकांठीं तिची खोली पुष्कळ असते. पण उताराच्या शेतांत वीतभर माती गेली कीं मुरूम उघडा पडतो. ती वीतभर माती पुन्हां होण्यास आपल्या कित्येक पिढ्याही पुरणार नाहींत.

उत्तर ध्रुवाकडे सैबेरिया व अलास्का या मुलखांत जमीन हजारों वर्षें गोठलेली आहे. तेथें ती कडक थंडीनें तडकते, भेगेंत पाणी शिरून गोठतें, आणि जमिनींत बर्फाची पाचर वाढत जाते. आपली काळी उन्हाळ्यांत तडकते, वरची माती भेगेंत पडते, व पावसानें फुगून खालवर होते. त्या उत्तरेकडील गोठलेल्या मातींत साऱ्या वातावरणांतील कर्बाच्या सुमारें दुप्पट कर्ब सांठलेला आहे. जग तापत चालल्यामुळें ती वितळूं लागली आहे. जमीन खचते, आणि सांठलेला कर्ब वायुरूपानें हवेंत जातो. तेथील रहिवाशांस हें एकट्यानें थांबवितां येण्यासारखें नाहीं. आपल्या शेताचें तसें नाहीं.

तथापि आपण करतों काय? उताराच्या दिशेनेंच वखर हांकतों, धुरे फुटलेले ठेवतों, आणि पऱ्हाटी पेटवून मातीस मिळावयाचा सेंद्रिय कर्ब धुरांत घालवितों. बोंडअळीच्या भयानें पऱ्हाटी शेतांत ठेवूं नये, हें खरें. परंतु ती जाळण्याऐवजीं कुट्टी करून खड्ड्यांत कुजवितां येते. वाहून गेलेला गाळ तलावांत सांठतो; तो शेतांत परत नेण्याची योजना सरकारनें 2017 सालीं काढली. गाळ आणावा, यांत शंका नाहीं. पण घरची माती दवडून तलावांतून उसनी आणणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

म्हणून मृगापूर्वीं प्रत्येकानें धुरे बांधावे, पेरणी उतारास आडवी करावी. सात-बारावर आपलें नांव असलें, तरी ही ठेव पुढील पिढ्यांची आहे. ती जशी मिळाली तशी तरी त्यांच्या हवालीं करणें हें आपलें कर्तव्य होय.