पट भरला, आता पोराकडे कोण पाहणार?

दहावीचा निकाल लागला की कुरखेड्यात दोन गोष्टी लगेच दिसतात. चौकात गुणवंतांच्या अभिनंदनाचे बॅनर लागतात आणि गावोगावी मास्तर लोकांच्या मोटारसायकली फिरू लागतात. दोघं-दोघं मिळून घरी येतात, पाणी पितात, बापाशी धानाच्या गोष्टी करतात आणि मग हळूच विषय काढतात, "पोराचा दाखला आमच्याकडेच द्या. फॉर्म आम्ही भरतो, फीचंही पाहून घेतो." हे काही लपलेलं नाही. तुमच्या घरी कोणी आलं असेल तर तुम्हीच सांगा, मी खोटं बोलतो का?

त्या मास्तरांवर माझा राग नाही. हिशोबच तसा आहे. २०२५ मध्ये राज्यात दहावीचे १४ लाख ५५ हजारांवर नियमित विद्यार्थी पास झाले आणि त्या वर्षी अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांच्या वर. म्हणजे पास झालेलं एकेक पोर धरून आणून बसवलं तरी सहा लाखांवर जागा रिकाम्याच. जागा रिकामी राहिली की तुकडी जाते आणि तुकडी गेली की मास्तरची नोकरी हलते. म्हणून तो बिचारा भर उन्हात फिरतो.

माझा सवाल दुसरा आहे. मे-जूनमध्ये ज्याला पोराचं घर बरोबर सापडतं, त्याला ऑगस्टमध्ये तेच घर का सापडत नाही? पोर पंधरा दिवस वर्गात आलं नाही, तर एक फोन का जात नाही? तेव्हा पट भरलेला असतो, म्हणून?

प्रवेश देणं आणि पोराला शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीवर सगळी ताकद लागते आणि दुसरी पोराच्या नशिबावर सोडून दिली जाते.

२०२५ पासून तर सरकारनं अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन केली. आधी हे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावतीसारख्या मोठ्या शहरांपुरतं होतं. आता कुरखेडा, कोरची, भामरागड सगळे एकाच रांगेत. २१ मे २०२५ ला नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळच बसलं, मग २६ मेपासून सुरू झाली. शंभर रुपये शुल्क आणि दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम. दहा! ज्या पोराला एसटीनं जाऊन-येऊन करता येईल असं एकच कॉलेज आहे, त्यानं बाकीच्या नऊ रकान्यांत काय लिहायचं? पुण्याची गर्दी आवरायला केलेलं यंत्र इथं आणून बसवलं. इथं अडचण गर्दीची नाही, इथं पोर कॉलेजपर्यंत पोचण्याची आणि तिथं टिकण्याची आहे.

आता टिकण्याचं बोलू. पोर दहावीपर्यंत मराठीत शिकलं. कित्येकांच्या घरी तर मराठीही नाही, गोंडी किंवा छत्तीसगढी. गावात सगळे म्हणतात, "सायन्स घे, कलेत काय ठेवलं आहे?" घेतो बिचारा. पहिल्याच दिवशी फिजिक्सचं इंग्रजी पुस्तक समोर. बल म्हणजे फोर्स, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, हे कोणी एकदा बसून सांगत नाही. ज्याला दहावीत बल समजलं होतं, त्याला अकरावीत वाटू लागतं की आपण ढ आहोत. तो ढ नाही. त्याची फक्त भाषा बदलली आणि कोणी सांगितलं नाही. गंमत बघा, नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतही देता येतो. म्हणजे दिल्लीच्या परीक्षेत मराठी चालते आणि कुरखेड्याच्या वर्गात पोरानं मराठीत शंका विचारली तर त्यालाच लाज वाटते.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात गडचिरोलीचं होतं. आनंदच आहे. पण त्या कॉलेजात आपल्या तालुक्याचं पोर बसेल की बाहेरचंच, हे अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरतं. फीत कापून ठरत नाही.

आणि पैसा. इथं सरकारची एक विचित्र गोष्ट आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून जेवण-राहण्याचा पैसा मिळतो, अकरावीपासून. चांगली योजना आहे, मिळायलाच पाहिजे. पण अनुसूचित जमातीच्या पोरांसाठी जी स्वयम् योजना आहे ती सुरू होते बारावीनंतर. मग अकरावी-बारावीतल्या गोंड, हलबा पोरानं वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहायचं कुठं? आदिवासी जिल्ह्यातच आदिवासी पोराला दोन वर्षांचा खड्डा. बारावी पार केली तर मदत देऊ, पण बारावी पार कशी करायची ते तुझं तू पाहा! आमचे आमदार-खासदार यावर कधी बोलले असतील तर मला दाखवा, मी इथंच त्यांचं अभिनंदन करतो.

मुलींना मानव विकासची निळी बस तरी आहे. बसची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ मात्र जुळत नाही. शेवटचा तास सोडून पोरी स्टँडवर पळतात आणि हजेरीत त्यांचीच गैरहजेरी लागते.

यावर मास्तर लोक म्हणतील, "भाऊ, पोरंच येत नाहीत. रोवणीला जातात, आम्ही काय करू?" खरं आहे, जातात. बाप एकटा बांधीत उतरला तर पोर पलंगावर बसून पुस्तक वाचणार नाही, आणि वाचूही नये. पण रोवणी काही अचानक येणारं संकट नाही. ती दरवर्षी येते, त्याच दिवसांत येते. तिचा हिशोब धरून दोन आठवडे उजळणीचे ठेवता येत नाहीत का? कॅलेंडर पुण्यात छापलं म्हणून पाऊस पुण्यासारखा पडत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे. कागदावर दहावीनंतर भिंत नाही. आपल्याकडे ती आहे, आणि ती पाडायला फार मोठा निधी लागत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, अकरावी विज्ञानाचे पहिले पंधरा दिवस धडा सुरू करू नका. दहावीचंच गणित-विज्ञान इंग्रजी शब्दांसह पुन्हा शिकवा आणि शंका मराठीत विचारू द्या.

दोन, प्रत्येक मास्तरच्या नावावर पंचवीस-तीस पोरं वाटून द्या. तीन दिवस पोर दिसलं नाही तर घरी फोन, आठ दिवस दिसलं नाही तर मोटारसायकल. रस्ता माहीतच आहे.

तीन, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेजातच बसून भरून घ्या. नेटकॅफेवाल्याकडे पाठवू नका आणि आलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनला महिनोन्महिने पाडून ठेवू नका.

चार, स्वयम् योजना अकरावीपासून लागू करा आणि वसतिगृहाची यादी वर्ग सुरू व्हायच्या आधी लावा.

आणि पालकहो, एक काम तुमचंही आहे. यंदा कोणी घरी दाखला मागायला आलं, तर चहा पाजा, मान द्या. पण दाखला हातात द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी तुमच्याकडे अकरावीत किती पोरं आली आणि त्यातली बारावीच्या परीक्षेला किती बसली? विज्ञानाचे सगळे विषय शिकवायला माणूस आहे का, की तासिकेवाला दिवाळीनंतर येतो? माझं पोर वर्गात दिसलं नाही तर मला फोन कोण करेल, त्याचं नाव आणि नंबर लिहून द्या.

जो नाव-नंबर लिहून देईल, त्याला दाखला द्या. जो नुसतीच "फी पाहून घेतो" म्हणेल, त्याला म्हणा, फीचं आम्ही पाहू, तुम्ही पोराचं पाहा.